बूटकव्हरला भोक

रेनकोट शिवणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते: सुई जिथून जाते तिथून पाणी आत येतं. साध्या शिंप्याचं बरं असतं, एकदा टाका घातला की तो मोकळा. आम्ही शिवायचो कमी आणि शिवलेलं बुजवायचो जास्त. शिवण झाली की तिच्यावर सोल्यूशन लावायचं, सायकलवाला पंक्चरला लावतो तेच, मग वरून पट्टी चिकटवायची आणि लाकडी रुळाने दाबायची. संध्याकाळी घरी जाईपर्यंत त्या वासाने डोकं जड झालेलं असायचं. सासूबाई दारातच म्हणायच्या, "आलीस का गं सायकलच्या दुकानातून?"

मुलुंडला पाच रस्त्याच्या पुढे एका गल्लीत आमचा गाळा होता. मागे चार मशिनं, पुढे दुकान. मालक कच्छी. आम्ही बायका त्यांना शेठ म्हणायचो आणि ते आम्हाला बेन म्हणायचे. मार्चपासून गणपतीपर्यंत पावसाळी माल निघायचा, उरलेले महिने दप्तरं, बाजाराच्या पिशव्या आणि स्कूटरच्या सीटची कव्हरं. ऐंशीच्या दशकातली जवळजवळ सगळी वर्षं मी तिथे काढली. रेनकोट शिवले, टोप्या शिवल्या, पण माझं नाव झालं ते बूटकव्हरांमुळे. 'मालतीबाईंची बूटकव्हरं' म्हणून लोक घाटकोपरहून विचारत यायचे. या गोष्टीचा मला किती गर्व होता ते पुढे येईलच.

बूटकव्हर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. तेव्हा भांडुप, मुलुंड, विक्रोळीच्या कारखान्यांत सायकलने जाणारी माणसं ढिगाने होती. चपला घालणाऱ्याला पावसाची भीती नव्हती. पाय भिजला, फडक्याने पुसला, संपलं. पण ज्याला कामावर बूटच लागत, त्याची पंचाईत. रेनकोट गुडघ्यापर्यंत, त्याखाली पँट उघडी, आणि पॅडल मारणारा पाय पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात. भिजलेला चामडी बूट दोन दोन दिवस वाळत नाही. माणूस तसाच ओल्या मोज्यात आठ तास काम करणार, मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मुंबईत कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्याने एकदा ओल्या मोज्यात दिवसभर पाय ठेवून बघावेत. गमबूट घालून सायकल चालवणं हा जाच आहे, आणि गमबुटात कारखान्याच्या दारात कोण घेणार? तेव्हा बुटावरून चढवायचं, कामावर पोचलं की काढून सायकलच्या दांडीला अडकवायचं, असं हे कव्हर. गिऱ्हाइकं त्याला 'बुटाचा रेनकोट' म्हणत.

ते निवडताना लोक रंग बघायचे. मी आधी विचारायची, "सिग्नलला कुठला पाय टेकता?" माणूस गोंधळायचा. स्वतःचा पाय, पण माहीत नसायचं. मग तो दुकानातच हवेत सायकल चालवून थांबायचा आणि म्हणायचा, "डावा!" टेकणाऱ्या पायाचा तळ महिन्याभरात झिजतो, म्हणून तिथे टायरच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा लावायचा. दुसरा प्रश्न, "चेनला कव्हर आहे का?" चेन उजवीकडे. उजव्या कव्हरात जरा जरी घेर जास्त झाला, तर चेन ते दाताखाली धरते आणि माणूस तोंडावर पडतो. तिसरा प्रश्न, "पोचल्यावर बूट काढता की तेच घालून काम करता?" तेच घालणार असतील तर तळ पूर्ण बंद हवा. काढणार असतील तर नुसती खालून पट्टी चालते, पॅडलवर पाय सरकत नाही. हे माझे तीन प्रश्न. चौथा मी फार उशिरा शिकले.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बँकेतले कारकून होते, त्यांना पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं हवी होती. लग्नात सासऱ्याने दिलेले बूट होते, ते झाकले गेले तर लोकांना दिसणार कसे? मी म्हटलं, "साहेब, आतून वाफ धरेल, काही दिसणार नाही." ऐकले नाहीत. चार दिवसांनी आले आणि म्हणाले, "बाई, माझे बूट धुक्यात गेलेत." मग मुकाट्याने काळा जोड घेऊन गेले. एक भय्या दूधवाला फक्त उजव्या पायाचं कव्हर मागायचा. चेनचं काळं ग्रीस लागतं ते उजव्या पायाला, डावा भिजला तर भिजू दे. शेठ म्हणायचे, "बेन, डावा कोणाला विकू?" पुढच्याच आठवड्यात डावं कव्हर फाटलेला एक जण आला आणि घेऊन गेला. शेठना त्या दिवशी लॉटरी लागल्याचा आनंद झाला होता.

आता माझ्या गर्वाची गोष्ट. कव्हर पास की नापास हे ठरवायची आमची एक पद्धत होती. तयार कव्हरात काठोकाठ पाणी भरायचं आणि दोरीला टांगून ठेवायचं. बाहेरून हात फिरवला आणि कोरडा राहिला की पास. एक थेंब जरी दिसला तरी शिवण उसवायची. बाकीच्या बायकांची दहातली दोन-तीन गळायची, माझी गळायची नाहीत. शेठनी तर कमालच केली. माझं एक कव्हर कुंकवाचं लाल पाणी भरून दुकानाच्या दारात खिळ्याला लटकवलं आणि खाली ठेवली कोरी पांढरी चादर. येणारा-जाणारा चादरीकडे बघायचा. एक डाग नाही. आमचा अर्धा माल त्या चादरीने विकला.

त्या कव्हराकडे बघत एका जूनमध्ये परबकाका दुकानात आले. पन्नाशीचे, सडसडीत, खाकी गणवेशातले. मूळचे कणकवलीकडचे. उभी हयात परळच्या गिरणीत गेली, गिरणी बंद पडली तशी वर्षभर घरी बसले, मग पवईच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. राहायला भांडुपच्या डोंगरावर. रोज सायकलने पवई.

"बाय गो," मला म्हणाले, "ह्या तुया केलंस?"

"हो काका."

"मगे माका असाच एक जोड दी. पण चिखलाचो एक शिंतोडो बुटार येता नये. नायतर माझी नोकरी गेली म्हणान समज."

प्रकरण असं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यांचा मुख्य होता फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार. ड्युटीच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि बूट बघायचा. चकाकी नसेल तर त्या दिवशी घरी परत. परबकाका जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच दोनदा परत गेले होते. तिसऱ्या वेळी नाव कमी करीन, असं सुभेदाराने सांगितलं होतं. घरी बायको, लग्नाची मुलगी, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर हातांना सुरसुरी आली. मी त्यांना स्टुलावर बसवून बुटाचं माप घेतलं. दुपारची वेळ होती, चहा आला. त्यांनी कप बाजूला सारला. "माका साखर नाय चलत गो. डॉक्टरान बंद केल्यान." मी म्हटलं, "मग बिनसाखरेचा सांगते," आणि पोऱ्याला ओरडून दुसरा कप मागवला. त्यांनी तो फुंकून फुंकून घेतला. मी पुन्हा मापाकडे वळले.

हा कप मला अजून आठवतो. माझ्या वडिलांना साखर होती. त्यांच्या पायात काटा मोडला तो त्यांना कळला नव्हता. आधी एक बोट गेलं, मग पाऊल. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेली बाई, आणि समोर बसलेला माणूस म्हणतो साखर चालत नाही, तर मी काय केलं? चहा बदलला.

परबकाकांचा जोड मी जीव ओतून केला. तळ पूर्ण बंद, ट्यूबचा, दुहेरी. टाचेला एक शिवण होती तीही काढून अखंड तुकडा बसवला. वर पोटरीला रुंद इलॅस्टिक. दोन दिवस पाणी भरून टांगला. हूं की चूं नाही. काका तो घेऊन गेले आणि आठवड्याने कोकमाच्या सोलांची पुडी घेऊन आले. चेहरा खुललेला. "बाय गो, सुभेदार माझ्या बुटाकडे बघता नि गप पुढे जाता. बुटात थोबाड दिसता माझा!" मी ती सोलं घरी नेली, सासूबाईंनी सार केलं, आणि मी जेवताना सगळ्यांना ती गोष्ट सांगितली.

जुलैचा शेवट आला. त्या वर्षी पावसाने उसंत दिली नव्हती. शेठनी एका शाळेच्या रेनकोटांची ऑर्डर घेतली होती आणि आम्ही चौघी मान वर न करता शिवत होतो. सकाळी अकराच्या सुमारास परबकाका सायकल लावून आत आले. ड्युटी दुपारची होती.

"इलॅस्टिक जरा घट्ट करून दी गो. वरसून पाणी येता."

बाकावर बसून त्यांनी दोन्ही कव्हरं उतरवली आणि माझ्याकडे दिली. मी हातात कात्री घेतली होती. आखूड इलॅस्टिक लावून दोन मिनिटांत देते म्हणून एक कव्हर उलटं केलं, तर आतून पाणी आलं. थेंब नाही, धार. पेलाभर गढूळ पाणी माझ्या मशिनवर सांडलं, आणि त्याला वास होता. वास मी ओळखला. बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या पडवीत तो वास होता.

"काका, हे पाणी रोज असतं?"

"रोज ओततंय. पावस हा, पाणी येतलाच."

"मग सांगितलं का नाही?"

"फडको मारलो की बूट चमकतत, मगे काय सांगूचा?"

मला तेव्हा कळलं. रेनकोटाखाली त्यांची पँट भिजत होती, पँटीवरून पाणी इलॅस्टिकच्या आत उतरत होतं, आणि खाली मी केलेला तळ. एक थेंब बाहेर न सोडणारा. रोज जाताना नि येताना हा माणूस पाय पाण्यात बुडवून सायकल चालवत होता, आणि मधले आठ तास भिजल्या बुटात उभा राहत होता. मी आणि शेठ सहा वर्षं पाणी भरून बघत होतो, ते पाणी बाहेर पडतं का एवढंच. आत आलेल्या पाण्याने जायचं कुठून, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कव्हर म्हणून बादली शिवली होती.

"बूट काढा," मी म्हटलं.

"अगो, चिखल्ये असतीत. सगळ्यांकच जातत."

"काका, बूट काढा म्हणते ना!"

माझा आवाज चढला तशी बाकीच्यांची मशिनं थांबली. त्यांनी ओशाळून बूट काढला, मोजा काढला. मोज्यावर पिवळट डाग. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरंफटक, फुगलेलं, आणि करंगळीच्या खाली मटारच्या दाण्याएवढी जखम. मी कडेला बोट लावलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दुखतंय?"

"खंय काय? पाय माझो काय बोलाक नाय."

मी कात्री खाली ठेवली आणि रिक्षा बोलवायला सांगितलं. शेठ पुढून धावत आले. "मालतीबेन, सीझन आहे! शाळेची ऑर्डर आहे! तू मशीन सोडून कुठे चालली?" मी त्यांना फक्त काकांचा पाय दाखवला. शेठ जैन माणूस, त्यांनी तोंड फिरवलं आणि गल्ल्यातून पन्नासची नोट काढून माझ्या हातात कोंबली. खरा अडथळा काकांचाच होता. "दोनाची ड्युटी हा माझी. गैरहजर ऱ्हवलंय तर नाव कापतलो तो." बाकाची कड धरून बसले, उठेनात. शेवटी मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं पाऊल तोडलं काका. याच्यावरूनच." तेव्हा त्यांचा हात सुटला.

मुलुंड स्टेशनजवळ एक म्हातारे सर्जन होते. कमी बोलणारे. त्यांनी जखम साफ केली. सळई आत जाताना मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते आणि काका शांतपणे माझ्याशी गावच्या आंब्यांबद्दल बोलत होते. मग डॉक्टरांनी ओला कापूस त्यांच्या करंगळीवर ठेवला. "काय लागतं?"

"काय नाय."

"थंड? गरम?"

"कायएक नाय."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज आणलंत ते बरं. हाडापर्यंत पोचलेलं दिसत नाही, पण करंगळीचं आत्ता काही सांगत नाही. तीन आठवडे बूट नाही. पाय कोरडा. रोज पट्टी. साखर खाली आली तर वाचेल." "आणि नाही आली तर?" डॉक्टर हात धुवायला गेले.

रिक्षात बसल्यावर मी काकांना सांगून टाकलं. चूक माझी आहे, मी बंद तळ केला नसता तर हे झालं नसतं. हे बोलताना मला रडू आलं. ते म्हणाले, "तुझी चूक कसली गो? साखर काय तू घातलंस माझ्या रगतात?" त्यांनी माफ केलं, पण माझं मन काही केल्या शांत होईना. डोळ्यांसमोर वडिलांची काठी येत होती.

नोकरीचा प्रश्न उरलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक हाफ-डे टाकला आणि ते कव्हर पिशवीत घालून पवईला गेले. फाटकाशेजारच्या केबिनमध्ये सुभेदार बसले होते. साताऱ्याकडचे, मिशा पांढरे नि काळे तीळ मिसळावेत तशा. मला वाटलं होतं बाई बघून नरमतील. कसलं काय.

"परबची कोन तुमी? मुलगी?"

"नाही. त्यांची बूटकव्हरं मी शिवली."

"मग हितं काय काम? त्यो काल आला न्हाई. सांगितलं व्हतं त्याला."

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. तो उचलून कव्हरात ओतला आणि कव्हर त्यांच्यासमोर धरलं. "साहेब, यात हात घाला आणि घड्याळ बघून पाच मिनिटं ठेवा. परब रोज यात पाय घालून येत होते. तुम्हाला बूट चकचकीत दाखवायला." आणि पायाचं सगळं सांगितलं. करंगळीचं, डॉक्टरांचं, साखरेचं.

सुभेदारांनी हात घातला नाही. कव्हराकडे बघत बसले. मग विचारलं, "बोटं पांढरी पडली व्हती? सुजल्याली?"

"हो."

"आमी बर्फात व्हतो तवा," ते हळू बोलले, "रोज संध्याकाळी कंपनी कमांडर पाय बघायचा. बूट न्हाई, पाय. मोजा काढून एकेक बोट उघडून दाखवायचं. ज्यानं दाखवलं न्हाई त्याला शिक्षा. आन मी हितं येऊन बूट बघाय लागलो."

ते उठले आणि म्हणाले, "परबला सांगा, पाय बरा हुईपर्यंत ह्या केबिनीत बसायचं. येनाऱ्या-जानाऱ्याची नोंद ठेवायची. चपला घालून. वही मी काढून ठिवतो." मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाले, "त्ये पानी बाहेर जाऊन ओता. टेबल भिजतंय."

बसने परत येताना मी खिडकीशी बसले आणि मुलुंड येईपर्यंत स्वतःशीच हसत होते. समोरच्या बाईने पर्स पोटाशी धरली.

दुकानात आले ती थेट दारातल्या त्या लाल पाण्याच्या कव्हरापाशी गेले. दाभण पिशवीत असायचंच. टाचेच्या खाली, पायाच्या आतल्या बाजूला, भोक पाडलं. लाल धार चादरीवर पडली. शेठ किंचाळले, "मालतीबेन! गांडी झाली काय तू? वॉटरप्रूफला भोक?" गांडी म्हणजे त्यांच्या भाषेत वेडी. मी म्हटलं, "शेठ, पाणी वरून येणारच. त्याला जायला वाट नको?" त्यांनी कपाळाला हात लावला. पण दोन दिवसांनी त्यांनीच मला बारकी पितळी रिंग आणून दिली, भोक फाटू नये म्हणून. शेवटी ते धंदेवाले होते, पण वाईट नव्हते.

गिऱ्हाइकांना समजावताना मात्र वाट लागली. "बाई, डिफेक्ट पीस आहे, भोक आहे याला!" दिवसातून पाचदा. मी समजवायची: इलॅस्टिक पँटीच्या आत घ्या, पँट कव्हरावरून खाली सोडा, कौलावरून पाणी पडतं तसं पडू दे. उरलंसुरलं भोकातून जाईल. पोचल्यावर मोजा बदला, पिशवीत कोरडा ठेवा. अर्धे ऐकायचे, अर्धे घरी जाऊन भोकाला पंक्चरची चिकटपट्टी लावायचे. आणि प्रत्येकाला मी चौथा प्रश्न विचारायला लागले: "साखर आहे का? पायाला मुंग्या येतात? ठेच लागलेली कळते?" काहीजण रागवायचे, कव्हर विकतेस की डॉक्टरकी करतेस म्हणून. रागवू देत.

आणि परबकाका? पहिला आठवडा वाईट गेला. करंगळी काळपट दिसायला लागली, डॉक्टर नुसते हं म्हणायचे. मी रोज कामावर जाण्याआधी भांडुपच्या डोंगरावर त्यांच्या खोलीत डोकावायची. काकी दारातच सांगायच्या, "कालच्यापेक्षा बरा हा," आणि त्यांचा चेहरा काही वेगळंच सांगायचा. मी घरी कुणाशी धड बोलत नव्हते. सासूबाईंनी एकदा विचारलं, तुला झालंय तरी काय, तर मी त्यांच्यावरच खेकसले. दुसऱ्या आठवड्यात काळपट कातडी सुटली आणि खाली गुलाबी दिसलं. त्या दिवशी मीही दवाखान्यात होते, डॉक्टर पहिल्यांदा 'हं'च्या पुढे बोलले, "बोट राहील." काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसकण मारली. गणपतीला काका गावी गेले ते चपला घालून, करंगळीसकट.

दसऱ्याला आम्ही मशिनांची पूजा करायचो. मशिनं पुसून, तेल घालून, झेंडूच्या माळा घालायच्या, कात्र्या, दाभण, रूळ, मापाच्या फिती पाटावर मांडायच्या. मी वाटीत हळद कालवून सगळ्या हत्यारांना बोट लावत होते, तेवढ्यात परबकाका सोनं घेऊन आले. खाकी गणवेश नाही, पांढरा सदरा. फाटकावरची नोंदवही आता कायमची त्यांच्याकडे आली होती. आणि पावसात सुभेदार रोज सगळ्यांचे मोजे काढून पाय बघायला लागले होते, असं सांगून हसत होते. "पोरां कुरकुरतत. पण दोघांच्या पायाक जखमो गावल्यो."

मी म्हटलं, "मग तुमचेही दाखवा."

त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय माझ्या मशिनच्या पायरीवर ठेवले. मी वाकून बघितलं. पाच आणि पाच. करंगळी जराशी वाकडी, नख नाही, पण आहे. मला काय वाटलं कोण जाणे, हात हळदीत बुडालेलाच होता, मी ते बोट त्या करंगळीला टेकवलं, मशिनला टेकवलं तसंच.

काकांनी पाय झटकन मागे घेतला. मी घाबरले. वाटलं, त्यांना आवडलं नाही, बाईमाणसाने पायाला हात लावला म्हणून. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. आपल्या करंगळीकडे बघत होते, तोंड उघडं. मग त्यांनी पाय परत हळूच पुढे केला.

"लाव गो परत," म्हणाले.

मी लावली.

"थंड लागला," काका म्हणाले. "बाय गो, थंड लागला माका!"